रात्रीची एक सिस्टर, बारा खाटा आणि गादीखालची पट्टी

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. शहादा तालुक्यात एका डॉक्टरांचं बारा खाटांचं हॉस्पिटल आहे. रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक मावशी असतात, डॉक्टर स्वतः दीड किलोमीटरवर राहतात. एका कंपनीचा माणूस येऊन गादीखाली ठेवायची पट्टी, छातीवर चिकटवायचा पॅच आणि ‘एआय’वालं सॉफ्टवेअर दाखवून गेला. बाराही खाटा मोबाईलवर दिसतील, पेशंट बिघडायच्या काही तास आधी इशारा येईल, असं तो म्हणाला. किंमत नऊ लाखांच्या आसपास. डॉक्टरांनी विचारलंय, ‘हे घ्यावं, की साधे वायरचे मॉनिटर घ्यावेत?’

डॉक्टर, मी जळगावला राहतो. बावीस वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हॉस्पिटलची मशीनं दुरुस्त करतोय. विकत मात्र काहीच नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुमची खरी अडचण मशीनच्या निवडीच्या आधी सुरू होते. रात्री अडीच वाजता सात नंबरच्या खाटेवर काहीतरी बिघडलं, तर ते कोणाला कळणार, किती मिनिटांत कळणार, आणि कळल्यावर तो माणूस काय करणार? मशीन यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं, तेही काही अटींवर. उरलेले दोन प्रश्न तुमच्याकडेच राहतात. त्या अटी मी लांबून ठरवू शकत नाही. तुमची सिस्टर किती अनुभवी आहे, वॉर्ड एकच लांब खोली आहे की वेगवेगळ्या खोल्या, पेशंट कसले असतात, वायरिंग कधीचं आहे, यावर माझं उत्तर बदलेल. तरी सांगण्यासारखं बरंच आहे.

गादीखालच्या पट्टीपासून सुरू करतो, कारण लोकांना ती जादू वाटते. ती जादू नाही आणि फसवणूकही नाही. हृदय दर ठोक्याला महाधमनीत रक्त फेकतं, तेव्हा अंगाला उलट दिशेने बारीक धक्का बसतो. बंदूक सुटली की खांद्याला बसतो तसा, फक्त जाणवणार नाही इतका सूक्ष्म. पट्टीतला पीझो सेन्सर, म्हणजे दाब पडला की बारीकशी वीज तयार करणारा, तो धक्का पकडतो. याला बॅलिस्टोकार्डिओग्राफी म्हणतात आणि कल्पना जुनी आहे: १९३० च्या दशकात अमेरिकेत आयझॅक स्टार या डॉक्टरांनी टांगत्या टेबलावर माणूस झोपवून हेच मोजलं होतं. आता सेन्सर स्वस्त झाले आणि गोंगाटातून ठोका वेगळा काढणारं सॉफ्टवेअर आलं, एवढाच नवेपणा. श्वासाची हालचाल ठोक्यापेक्षा बरीच मोठी असते. त्यामुळे पेशंट शांत झोपलेला असेल तर श्वासाचा आकडा ही पट्टी चांगला देते.

आणि श्वासाचा आकडा ही मोठी गोष्ट आहे. कुठल्याही छोट्या हॉस्पिटलचा नर्सिंग चार्ट उघडा आणि श्वासाचा रकाना बघा: २०, २०, २०, २०. न्यूमोनियाच्या म्हातारीचा २०, हर्नियाच्या जवानाचाही २०. पूर्ण मिनिट उभं राहून कोणी मोजत नाही, एका सिस्टरला बारा खाटांवर ते जमणारही नाही. पण पेशंट बिघडताना बऱ्याच वेळा पहिला बदल याच रकान्यात होतो. या एका कारणासाठी मी या तंत्राकडे आदराने बघतो.

आता अडचणी. हे यंत्र एका खाटेवर एक माणूस धरून बनवलंय. आपल्याकडे पेशंटच्या पायाशी आई बसते, लेकरू कुशीत झोपतं, आणि दुपारी ऊन डोक्यावर आलं की भाऊ शेजारीच आडवा होतो. चोपड्याकडच्या एका हॉस्पिटलात चाचणी चालू असताना पेशंट लघवीला गेला आणि त्याचा भाऊ खाटेवर पडला. स्क्रीनवर नाडी ६४, श्वास १६, सगळं हिरवं. सिस्टर आम्हाला कौतुकाने सांगत होती, ‘बघा, किती सुधारला!’ सुधारलेला पेशंट तोवर बाथरूमच्या दारात चक्कर येऊन बसला होता.

दुसरी अडचण कूलर. मार्च ते जून आपल्याकडे वॉर्डात कूलर चालतो, बऱ्याचदा खाटेच्या लोखंडी पायाला टेकून. त्याची थरथर खाटेतून थेट पट्टीत जाते. म्हणून मी एक चाचणी करतो, ती तुम्हीही करा. खाट रिकामी करा, गादीवर पाण्याने भरलेला वीस लिटरचा जार ठेवा, पंखा पाचवर आणि कूलर जोरात सोडा, पंधरा मिनिटं थांबा. चांगली यंत्रणा ‘सिग्नल नाही’ म्हणते. जी यंत्रणा जाराची नाडी दाखवते, तिला नमस्कार करून परत पाठवा. हाच खेळ बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही करतो. कोरोनाच्या काळात पेनालाही ऑक्सिजन दाखवणारे ऑक्सिमीटर बाजारात फिरत होते, आणि आपल्याकडे पेन नसलं तरी केळं नक्की मिळतं.

छातीवरच्या पॅचचं थोडक्यात सांगतो. तो एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा, ईसीजी देतो, ठोक्यांची लय त्यात चांगली कळते. पण आपल्या मे महिन्यात घामाने चिकटपट्टी सुटते, आणि पॅच हा खपणारा माल आहे. एक पॅच किती दिवस चालतो, केवढ्याला येतो आणि तुमच्या गावात किती दिवसांत पोचतो, हे तीन आकडे लिहून घ्या. वर्षाचा हिशेब केलात की मूळ किंमत किरकोळ वाटेल.

ऑक्सिमीटरचं मात्र नीट ऐका, कारण पॅकेजमधला ऑक्सिजनचा आकडा शेवटी त्याच्याकडूनच येतो. तो लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून सोडतो, साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे, आणि कुठला किती शोषला गेला त्यावरून हिशेब करतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तातलं प्रमाण प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं कृष्णवर्णीय पेशंटांत ११.७ टक्के वेळा निघालं, गोऱ्यांत ३.६ टक्के. तो अभ्यास अमेरिकेतला आहे, आपल्या लोकांना ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण सातपुड्यातून येणारे तुमचे पेशंट कोणत्या रंगाचे आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यात सिकलसेलचे पेशंट असले तर ऑक्सिमीटर आणि एबीजी (धमनीच्या रक्ताची तपासणी) यांत आणखी फरक पडू शकतो. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींच्या बोटांवर गडद काळी मेंदी असते. तेव्हा कानाच्या पाळीसाठीचा प्रोब (सेन्सरचा चिमटा) लावा, बोटाशी झटापट करत बसू नका.

आता ‘काही तास आधी इशारा’ या दाव्याकडे येऊ. हा दावा तपासायला कॉम्प्युटर लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते. तुमच्या बारा खाटा शंभर रात्री भरलेल्या धरा, म्हणजे १,२०० पेशंट-रात्री झाल्या. त्यातल्या १२ रात्री पेशंट खरोखर बिघडतो असं समजू. सॉफ्टवेअर बिघडलेल्यांपैकी ९० टक्के पकडतं आणि बऱ्या असलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर ‘ठीक’ म्हणतं, असं समजू. हे आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण माहितीपत्रकात असेच काहीतरी असतात. मग खरे इशारे आले ११ आणि खोटे ११९. शंभर रात्रींत तुमचा फोन १३० वेळा वाजेल आणि त्यातल्या बारापैकी एका वेळेलाच काहीतरी घडलेलं असेल. पहिल्या महिन्यात तुम्ही उठून गाडी काढाल. तिसऱ्या महिन्यात फोन उशीखाली जाईल. यात दोष तुमचा नाही, सॉफ्टवेअरचाही नाही. बिघाड विरळा असला की चांगल्या चाचणीचंही असंच होतं.

ही भीती मोठ्या हॉस्पिटलांनी अनुभवलेली आहे. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने एप्रिल २०१३ मध्ये अलार्मविषयी इशारापत्र काढलं. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या ८० मध्ये पेशंट दगावला होता. त्यामागची कारणं बघा: अलार्म बंद केलेला, चुकीच्या मर्यादेवर लावलेला किंवा ऐकूच न येणारा. धुळ्याच्या बाजूच्या एका वॉर्डात मला मॉनिटरच्या स्पीकरवर तीन थर चिकटपट्टी सापडली. विचारलं तर मावशी म्हणाली, ‘भाऊ, हाई मशीन रातभर वरडस, कोन ऐकस तिनं?’ तिला काय बोलणार? अलार्मची खालची मर्यादा कंपनीने पाठवली तशीच होती, प्रोब सैल होता, दर चार मिनिटांना बोंब. मी मर्यादा बसवून दिल्या, प्रोब बदलला, मग चिकटपट्टी काढली. याच क्रमाने काढायची असते.

तुमच्याकडे सर्पदंशाचे पेशंट येतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगतो. मी डॉक्टर नाही, पण मशीनला काय दिसत नाही हे सांगणं माझं काम आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, विष मज्जातंतूंवर जातं, पापण्या जड होतात, मग गिळणं, मग श्वासाचे स्नायू. अशा पेशंटला ऑक्सिजन लावलेला असेल तर ऑक्सिमीटर बराच वेळ ९८ दाखवत राहतो, श्वास उथळ होत चालला तरी. तुमच्या पॅकेजमधल्या कुठल्याच सेन्सरला पापणी दिसत नाही. इथे सिस्टरने दर थोड्या वेळाने ‘एका श्वासात मोजा बरं’ म्हणून आकडे मोजायला लावणं, मघाशी वीसपर्यंत मोजणारा आता बारावर थांबतो हे कागदावर लिहिणं, हे त्या नऊ लाखांच्या आधी येतं. मशीनच घ्यायचं असेल तर अशा पेशंटसाठी कॅप्नोग्राफी असलेला एक मॉनिटर विचारा. तो बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो, अर्थिंग. डेमोला कोणी याचं नाव काढत नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तापीकाठच्या एका गावातून फोन आला, नवे मॉनिटर खराब निघाले म्हणून. ईसीजीची रेघ दोरीसारखी जाड. सिस्टर म्हणाली, मशीनला हात लावला की मुंग्या येतात. प्लगमध्ये मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २३ व्होल्ट. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं की मी हातातलं काम थांबवतो. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा बघितला, तर काळी माती उन्हाने फाटून नळीभोवती बोटभर फट पडलेली. आपल्या काळ्या जमिनीचं हेच आहे: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि नळीला सोडून देते. तरी मशीनचा झटका बसत होता तो वेगळ्याच कारणाने. कोणा वायरमनने दुसऱ्या दोन बोर्डांत न्यूट्रल आणि अर्थ तारेचा तुकडा टाकून जोडून टाकले होते. मागे न्यूट्रल तुटला असता तर मॉनिटरचा पत्रा २३० व्होल्टवर गेला असता, आणि त्या पत्र्याशी पेशंट तारांनी बांधलेला. पत्र्याला हात लावणाऱ्या सिस्टरचं काय झालं असतं ते वेगळं. तारेचे तुकडे काढले, नवा खड्डा केला, दिवसाआड पाणी घालायला एका मामांना नेमलं. मॉनिटर चांगलेच होते, परत पाठवायची वेळ आली नाही.

वीज आणि उष्णतेचंही तसंच. बहुतेक मॉनिटरच्या पुस्तकात चालवायचं कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं असतं. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि तुमच्याकडेही उन्हाळा सौम्य नसतो. पत्र्याच्या छताखाली, लाकडी कपाटावर ठेवलेला राउटर आणि सेन्सरचे आकडे पुढे पाठवणारा गेटवे डबा किती तापत असेल ते हाताने बघा. शिशाच्या बॅटऱ्यांचा ढोबळ नियम असा की पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. म्हणून तीन वर्षांची म्हणून दिलेली बॅटरी आपल्याकडे दीड वर्षात मान टाकते आणि दुकानदार शिव्या खातो. यूपीएस शुद्ध साइन वेव्हचाच घ्या आणि तो सावलीच्या, हवेशीर खोलीत ठेवा.

इंटरनेटसाठी एकच परीक्षा: डेमो रंगात आला की शांतपणे उठून राउटरची वायर उपटा. वॉर्डातल्या सिस्टरसमोरचा अलार्म तरीही वाजला पाहिजे. हिशेब बंगळुरूच्या किंवा मुंबईच्या सर्व्हरवर होत असेल आणि नेट गेल्यावर खाट आंधळी होत असेल, तर रस्ता खोदताना फायबर तुटलेल्या रात्री तुमच्याकडे काहीच नसेल. हे माझ्या मनातलं भूत नाही. डोळ्याच्या पडद्याचे फोटो वाचणारी गुगलची यंत्रणा प्रयोगशाळेत उत्तम ठरली होती. थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत नेली तेव्हा दर पाचांत एकाहून जास्त फोटो तिने अंधुक म्हणून नाकारले, आणि मंद इंटरनेटमुळे पेशंट ताटकळले. २०२० मध्ये त्यांच्याच संशोधकांनी हे प्रामाणिकपणे लिहून प्रसिद्ध केलं, म्हणून आपल्याला माहीत. त्याच वेळी राउटरचा आणि मॉनिटरचा पासवर्ड बदलून घ्या. ‘अॅडमिन-अॅडमिन’ ठेवून गेलेले इंजिनिअर मी मोजणं सोडून दिलंय.

कागदपत्रांत फार वेळ घालवू नका, पण लायसन्स बघा. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ प्रमाणे अशा उपकरणांना जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए आणि बीला ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डीला ऑक्टोबर २०२३ पासून लायसन्स सक्तीचं आहे. सॉफ्टवेअरही त्यात येतं. इथे बनलेल्या मालाला फॉर्म एमडी-५ किंवा एमडी-९, आयात मालाला एमडी-१५. विक्रेता ‘हे फक्त वेलनेससाठी आहे हो’ म्हणाला, तर त्याने स्वतःच उत्तर दिलं: वेलनेसवाल्या वस्तूवर आजारी माणसाची रात्र सोपवू नका. आणि सर्व्हिस इंजिनिअर कुठे बसतो ते विचारा. तुम्हाला सुरत जवळ, पण कंपनीच्या नकाशावर तुम्ही महाराष्ट्रात, म्हणून माणूस नाशिकहून किंवा पुण्याहून येणार. ‘९५ टक्के अपटाइम’ ऐकायला छान वाटतं, पण वर्षाला अठरा दिवस मशीन बंद असलं तरी ते ९५ टक्केच होतं. बंद असताना बदली मशीन मिळणार का, हे करारात लिहून घ्या.

तर तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? पहिले पन्नास-साठ हजार अर्थिंग, वायरिंग आणि यूपीएसवर. मग सिस्टरच्या टेबलासमोरच्या चार खाटांना वायरचे चांगले मॉनिटर आणि टेबलावर एक सेंट्रल स्क्रीन. ज्या पेशंटची धाकधूक वाटते तो संध्याकाळच्या राउंडला त्या चार खाटांत हलवायचा. उरलेल्या आठ खाटांसाठी न्यूजचा, म्हणजे ‘नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर’चा, कागदी तक्ता. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला हा गुणांचा तक्ता फुकट आहे: श्वास, ऑक्सिजन, तापमान, बीपी, नाडी, शुद्ध. पाच गुण झाले की तुम्हाला फोन, सात झाले की तुम्ही गाडीत. गरोदर बायका आणि सोळा वर्षांखालची मुलं यांना तो चालत नाही, त्यांची नोंद वेगळी ठेवा.

आणि गादीखालची पट्टी? ती घ्या, पण विकत नको. दोन खाटांसाठी तीन महिने भाड्याने मागा, तेही एप्रिल ते जून. जो विक्रेता उन्हाळ्यातल्या चाचणीला तयार होतो त्याच्याशी पुढे बोलणं करण्यात अर्थ आहे. तीन महिने एक वही ठेवा: इशारा किती वाजता आला, सिस्टर खाटेपाशी किती मिनिटांत पोचली, काय सापडलं. श्वासाच्या रकान्यातले २०, २० जाऊन १८, २६, ३१ असे खरे आकडे दिसायला लागले तर त्या पट्टीने काम केलं, आणि मग आठही खाटांना लावा म्हणून मीच सांगेन. वहीत नुसती खोट्या इशाऱ्यांची रांग लागली, तर भाड्याएवढंच नुकसान.

तोवर दोन गोष्टी करून इथेच लिहा. इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खाटेजवळच्या प्लगमध्ये न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या, दुपारी दोन वाजता, सगळे कूलर चालू असताना. आणि तो विक्रेता परत आला की जाराची चाचणी करा. जाराची नाडी किती आली तेवढं कळवा.